धुक्यात गाडी चालवताना या चुका टाळा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, त्याच सुमारास तापीकाठी पहाटेचं धुकं उतरू लागतं. आणि दर हिवाळ्यात त्याच त्या चुका बघून जीव तुटतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अप्पर लावणं. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा उजेड त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परचा उजेड खाली रस्त्यावर पडतो.

तीन वर्षांपूर्वी यात्रेहून पहाटे दोंडाईच्याकडे निघालो. गाडी भाच्याच्या हातात, लायसन नवंकोरं. दोनदा म्हटलं, "भाऊ, डिप्परवर ये, हळू घे." तो म्हणे, "मामा, रस्ता रिकामाच आहे ना!" काटा साठवर. साठला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते आणि आम्हाला पुढचं ३० मीटरही दिसत नव्हतं. कापसाची ट्रॉली रस्त्यातच उभी. मागे लाइट नाही, रेडियम नाही; पांढऱ्या धुक्यात पांढरा कापूस. मी ओरडलो, त्याने स्टेअरिंग डावीकडे ओढलं, गाडी साइडपट्टीवरून खाली जाऊन थांबली. उतरून पाहिलं तर उजव्या आरशाच्या कडेला कापसाचा पुंजका चिकटलेला. पोरगा बराच वेळ काही बोललाच नाही.

तेव्हापासून, जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवतो. मागचे हॉर्न वाजवोत.

चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका. गाडी उभी आहे की वळतेय, मागच्याला कळत नाही. थांबायचंच असेल तर रस्ता पूर्ण सोडून थांबा आणि मग लावा.

आतून काच धुरकटली की फडकं मारत बसू नका. एसी लावा, हवा बाहेरची घ्या आणि काचेकडे वळवा. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. थंडीत एसी कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

थंडीत टायरची हवा उतरते, ती सकाळी गाडी काढण्याआधीच तपासा.

शेतातली भरीत-पुरी पोटभर खाऊन रात्री परतायची घाई नको. मी तिथेच घोंगडी मागून झोपतो. मात्र बंद गाडीत इंजिन चालू ठेवून कधीच झोपू नका. धुराचा विषारी वायू आत आला तर वासही येत नाही.

डिक्कीत लाल रेडियमचा रोल आणि कात्री असते. ढाब्यावर बिनलाइटची ट्रॉली दिसली की मालकाला विचारतो आणि मागच्या फळीवर दोन पट्ट्या चिकटवतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.