अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या वाट्याची तडजोड: आधी परवानगी, मग सही

साखर कारखान्यात गाळप संपलं की बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण) फोडून नवं बसवतात. वर्षानुवर्षं हे काम ॲस्बेस्टॉसच्या दोरीवर, मिलबोर्डवर आणि गॅस्केटच्या शीटवर चाललं. गिरण्यांच्या बॉयलर हाउसमध्येही तेच. ही धूळ छातीत गेल्यापासून ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसाचा आजार बाहेर पडायला २० ते ४० वर्षं लागतात. म्हणून अठराव्या वर्षी कामाला लागलेला माणूस पंचेचाळिशीत जातो, तेव्हा घरात नववीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी असते. तेरावं उरकतं न उरकतं तोच ठेकेदाराचा माणूस ५०० च्या स्टॅम्पवर टाइप केलेला कागद घेऊन येतो: "वहिनी, कोर्टकचेरी कशाला, आपसात मिटवू."

त्या कागदावर सही करू नका. आईने आपल्या वाट्याचं काय करावं हा तिचा प्रश्न. पण मुलांच्या वाट्यावर तिची एकटीची सही पुरत नाही. कोर्टाची किंवा भरपाई आयुक्तांची मंजुरी लागते, आणि मंजुरी देणारा अधिकारी फक्त एकूण आकडा पाहत नाही. मुलाच्या नावावर नेमके किती पडले आणि ते त्याच्या अठराव्या वर्षापर्यंत कसे राहतील, हे तो पाहतो. सगळी तयारी याच दोन गोष्टींसाठी करायची.

रस्ता कोणता

पगाराची जुनी स्लिप काढा. कामगार विम्याची म्हणजे ईएसआयची कपात असेल तर भरपाईचा दावा मालकाविरुद्ध चालत नाही, तिथे आश्रितांना विमा महामंडळाकडून दरमहा लाभ मिळतो आणि तडजोडीचा विषयच संपतो. कपात नसेल तर दोन वाटा उरतात: कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली भरपाई आयुक्तांकडे अर्ज, किंवा प्राणघातक अपघात कायदा, १८५५ खाली दिवाणी दावा. दोन्ही एकदम करता येत नाहीत. दोन्हींची मुदत मृत्यूपासून २ वर्षांची. उशीर झाला असेल तर आयुक्त सबळ कारण पाहून माफ करू शकतात, पण त्यावर विसंबून बसू नका.

मृत्यू २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा असेल तर १९२३ चा कायदा. त्या दिवसापासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे, तेव्हा नंतरच्या मृत्यूसाठी वकिलाकडून कलमं नव्याने तपासून घ्या. खालची आकडेमोड आणि कलमं जुन्या कायद्याची आहेत.

सोलापुरातल्या कुटुंबांना एक सोय आहे. काम पुण्याला किंवा मुंबईला झालं असलं तरी अर्जदार जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. दर तारखेला कंपनीच्या गावी जाण्याचं कारण नाही. माणूस ठेकेदाराकडे असेल तर ठेकेदारासोबत कारखान्यालाही सामनेवाला (विरुद्ध पक्षकार) करा. ठेकेदार बऱ्याचदा तडजोडीच्या टेबलावर असतो आणि पैसे भरायच्या दिवशी नसतो.

आधी आकडा स्वतः काढा

मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. वेतन कितीही असो, हिशेबात जास्तीत जास्त १५,००० धरलं जातं (३ जानेवारी २०२० पासून). गुणक ४० व्या वर्षी १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९. म्हणजे ४५ वर्षांच्या माणसासाठी ७,५०० × १६९.४४ = १२,७०,८००. रक्कम महिन्याभरात भरली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. दोन वर्षं रखडली असेल तर ३,०४,९९२. एकूण १५,७५,७९२. अंत्यविधीचा खर्च वेगळा, तो किमान ५,०००. विनाकारण उशीर केला तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

समोरून "८ लाख, आज रोख" असा देकार आला की हा हिशेबाचा कागद पुढे ठेवा. कायद्याने ठरलेल्या आकड्याच्या खाली तडजोड गेली, तर ती मुलांच्या हिताची कशी, हे आयुक्तांना पटवणं जवळपास अशक्य असतं. आणि हक्क सोडून देणारा करार या कायद्यात मुळातच निरर्थक आहे.

एका शब्दाकडे बारकाईने पाहा: "सानुग्रह". मसुद्यात "सानुग्रह मदत" असं लिहिलं की ती कायद्यातली भरपाई राहत नाही आणि आजार कामामुळे झाला हेही मालक कबूल करत नाही. तिथे "भरपाई" हाच शब्द हवा. तसंच मृत्यूच्या प्रकरणात मालकाने आईच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतक्या उचलीचा. बाकी सगळं आयुक्तांकडेच जमा व्हायला हवं. मालकाला हे शांतपणे सांगा. मंजुरी नसलेला समझोता त्यालाही वाचवत नाही: दिवाणी दाव्यात मूल तो रद्द करून घेऊ शकतं, आणि आयुक्तांकडे नोंदवला नाही तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार राहतोच.

आजाराचा पुरावा

आकडा पाडण्यासाठी हमखास पुढे येते ती टीबीची फाइल. ॲस्बेस्टॉसिसच्या कित्येक रुग्णांना आधी महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिलेली असतात. म्हणून एचआरसीटीच्या (छातीच्या बारीक स्कॅनच्या) फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही, बायोप्सी झाली असेल तर तिचा अहवाल, आणि थुंकीच्या तपासणीचे निगेटिव्ह रिपोर्ट एकत्र लावा. महापालिकेचा मृत्यू दाखला इथे उपयोगाचा नाही, त्यावर मरणाचं कारण नसतं. कारण असतं ते डॉक्टरांनी भरलेल्या नमुना ४ मध्ये. त्याची प्रत दवाखान्यातून घ्या.

कारखान्याला लेखी पत्र देऊन आरोग्य नोंदी मागा. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये निकाल दिला आहे: प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवायची. "रेकॉर्ड जळालं" असं लेखी उत्तर आलं तरी ते तुमच्याच कामाचं.

वाटणी कागदावर उतरवा

परत येणाऱ्या अर्जांत सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच: "सर्व वारसांना मिळून रु. १५ लाख." आईसुद्धा त्याच रकमेची वाटेकरी असते, म्हणजे तिचं हित आणि मुलांचं हित काही अंशी एकमेकांच्या आड येतं. तिचा वाटा फार मोठा दिसला, तर मुलांसाठी मामा किंवा आजोबा असा दुसरा पालनकर्ता नेमायला सांगितलं जाऊ शकतं. मृताची विधवा आई हयात असेल तर तीही आश्रित आहे. तिला वगळलं की सगळं अडतं. पोटात असलेलं मूलही मोजा.

समान वाटणी सक्तीची नाही. लहान मुलाला जास्त वर्षं काढायची असतात, म्हणून त्याचा वाटा मोठा मागावा असं आमचं मत. वरच्या आकड्यात पत्नी ४,७५,७९२, आजी १,००,०००, मुलगी (९) ५,५०,०००, मुलगा (१४) ४,५०,००० अशी मांडणी समर्थन करण्याजोगी ठरते. मसुद्यातलं कलम साधारण असं असावं (अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता):

"एकूण रकमेपैकी रु. ५,५०,००० ही अज्ञान अर्जदार क्र. ३ हिच्या एकटीच्या वाट्याची असून सामनेवाल्याने ती आयुक्तांकडे जमा करावी. सदर रक्कम अर्जदार क्र. ३ हिच्या नावे, अ.पा.क. आई, राष्ट्रीयीकृत बँकांत ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत गुंतवावी. लेखी हुकमाशिवाय ठेव मोडू नये, तिच्यावर कर्ज अगर बोजा देऊ नये. व्याज दरमहा अ.पा.क. यांच्या बचत खात्यात जमा करावे."

वकिलाची फी मुलाच्या वाट्यातून कापायचं कलम घालू नका.

परवानगीचा अर्ज

दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२, नियम ७ लागतो. तडजोड पुरशिस (तडजोड झाल्याचं कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देण्याआधी परवानगीचा स्वतंत्र अर्ज द्यायचा. सोबत दोन कागद: अ.पा.क. चं शपथपत्र, आणि ही तडजोड अज्ञानाच्या हिताची आहे असा मुलांच्या वकिलाचा दाखला. दुसरा कागद सर्रास राहून जातो. शपथपत्रात "तडजोड हिताची आहे" एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. दावा चालवला असता तर किती मिळू शकलं असतं, पुरावा कुठे कच्चा आहे, किती वर्षं लागली असती आणि म्हणून हा आकडा का घेतोय, हे लिहा. परवानगी रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) किंवा हुकमात स्पष्ट नोंदलेली हवी. नुसत्या "तडजोड मंजूर" या शेऱ्यावर समाधान मानू नका, नक्कल काढून वाचा. पुरशिस लोक अदालतीत देणार असाल तरी ही परवानगी सुटत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं.

आयुक्तांकडे प्रकरण असेल तर कराराचा मेमोरँडम (लेखी टिपण) मालकाने नोंदणीसाठी पाठवायचा. सगळ्या पक्षांना नोटीस पोचल्यावर ७ दिवस गेल्याशिवाय नोंद होत नाही. रक्कम अपुरी वाटली, दबाव किंवा फसवणूक दिसली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात.

कागदांत मुलांचे जन्म दाखले, शाळेचे बोनाफाइड, वारसांची नावं, आधार, पासबुक लागतात. जन्म दाखल्यावर एक तारीख आणि शाळेत दुसरी, हे आपल्याकडे नेहमीचं. ठेवीची मुदत त्याच तारखेवर ठरते, म्हणून आधी शाळेतली नोंद दुरुस्त करून घ्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; महिला, मुलं आणि कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

सुनावणीला आईला प्रश्न विचारतात: रक्कम किती ठरली, मुलांच्या नावावर किती, बाहेरून काही रोख मिळालं का, कुणी घाई केली का, हे सगळं मराठीत समजावून सांगितलं का. आकडे तोंडावर असू द्या. "वकीलसाहेबांना माहीत" या उत्तरावर तारीख पडते.

पैसे आल्यावर

हुकमाची नक्कल बँकेत देऊन ठेवीच्या पावतीवरच "कोर्टाच्या हुकमाशिवाय मोडू नये" असा शेरा मारून घ्या. हा शेरा नसला की शाखा बदलली, साहेब बदलले आणि ठेव मोडली गेली असं होतं. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच असतो, म्हणून ५,५०,००० दोन बँकांत विभागा. जास्त व्याजाच्या मोहाने गल्लीतल्या पतसंस्थेत हा पैसा अजिबात नको; तिथे हा विमा नाहीच. साडेसहा टक्के दर धरला तर ५,५०,००० वर महिन्याला सुमारे २,९८० रुपये येतात, म्हणजे शाळेची फी आणि वह्यापुस्तकं. हे व्याज करासाठी आईच्या उत्पन्नात मिसळतं, तेव्हा बँकेत तिचा पॅन नोंदवा.

मधे शिक्षणाला किंवा आजारपणाला मूळ रक्कम लागली तर अर्ज करा, सोबत कॉलेजचं फीपत्रक किंवा दवाखान्याचं अंदाजपत्रक जोडा; संस्थेच्या नावे थेट रक्कम मागितली तर हुकूम लवकर होतो. लग्नाच्या खर्चासाठी असे अर्ज सहसा टिकत नाहीत. आईने मुलांकडे दुर्लक्ष केलं असं आढळलं तर आयुक्त वाटणीचा हुकूम बदलूही शकतात.

आयुक्तांच्या हुकमावर अपील ६० दिवसांत उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, मुंबई गाठावी लागत नाही. तडजोडीने ठरलेल्या हुकमावर मात्र अपील सहसा चालत नाही.

मूल १८ पूर्ण झालं की ठेव आपोआप त्याच्या हातात येत नाही. त्याने स्वतःच्या सहीने अर्ज द्यायचा, सोबत जन्म दाखला, आधार आणि ठेवीची मूळ पावती. पावतीवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतंय ना, हे पावती हातात पडते त्याच दिवशी तपासा.