लस घेण्याआधीचे चौदा दिवस: लाँग कोविडची वही कशी ठेवावी

न्यू जर्सीहून आतेबहिणीचा फोन आला. कोविड होऊन आठ महिने झाले, तरी दुपार झाली की तिच्या हातापायांतलं त्राणच जातं. कोविड बरा झाल्यावरही असा महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास म्हणजे लाँग कोविड. "माई, तुला लस घेतल्यावर बरं वाटलं होतं ना? मी घेऊ का?" घ्यायची की नाही, हे तिचे डॉक्टर सांगतील. मी तिला म्हटलं, फरक पडला की नाही हे नंतर खरंखुरं कळायला हवं असेल, तर आजच एक वही घे आणि लसीची तारीख दोन आठवडे पुढची ठरव.

हे मी अनुभवाने सांगते. एप्रिल २०२१ मध्ये मला साताऱ्यात कोविड झाला. बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं, असा तेव्हा नियम होता, त्यामुळे कोविशील्डचा पहिला डोस ऑगस्टमध्ये मिळाला. सप्टेंबरात मी गच्चीच्या अठरा पायऱ्या न थांबता चढले आणि घरात सगळे म्हणाले, लसीने गुण आला! मलाही तसंच वाटलं. पण गणित शिकवणारी बाई मी, जूनपासून रोज जिन्यात किती वेळा थांबते ते लिहून ठेवत होते. पानं उलटली. जूनमध्ये पाच थांबे, जुलैअखेर दोन, लसीच्या आदल्या दिवशी एक. म्हणजे दम लागणं आधीपासूनच कमी होत आलं होतं. वासाचं मात्र वेगळं. फोडणीतला हिंग मला ऑगस्टपर्यंत अजिबात येत नव्हता, तो डोसनंतर चौथ्या आठवड्यात पहिल्यांदा आला. ते लसीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण वही नसती तर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेसुद्धा कळलं नसतं.

तर वही अशी ठेवा. सगळी लक्षणं लिहायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळा येतो. सगळ्यांत जास्त छळणारी तीनच निवडा आणि रोज दिवेलागणीला प्रत्येकाला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे त्रासच नाही. जोडीला एक मोजता येणारं काम ठेवा: जिना, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची चाल. तेही झेपेल तेवढंच. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय काय केलं ते लिहा. हा रकाना सोडू नका. लाँग कोविडमध्ये श्रमाची शिक्षा बरेचदा त्याच दिवशी मिळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळते. मी पुढच्या वर्षीच्या होळीला पोळ्या लाटल्या आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. त्या आठवड्यात डोस घेतला असता, तर सगळा दोष लसीच्या माथी गेला असता.

लसीनंतरचे पहिले तीन दिवस लाल पेनाने लिहा आणि हिशोबात धरू नका. ताप, दंडदुखी, अंगदुखी हा लसीचा नेहमीचा परिणाम असतो. ते दिवस सुट्टीचेच ठेवा. त्याच पंधरवड्यात नवा काढा, नवं औषध, नवा प्राणायामाचा वर्ग असं काहीही सुरू करू नका. छातीत दुखलं, धडधड किंवा दम अचानक वाढला, डोकं असह्य दुखलं, तर वही बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.

मग सहा आठवडे लिहीत राहा. दर रविवारी सात आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे आणि मधला, म्हणजे चौथा, घ्यायचा. एखाद्या फार वाईट दिवसाने तो हलत नाही. लसीआधीच्या दोन रविवारांचा मधला आकडा आणि नंतरचे, असे शेजारी शेजारी लिहा. एका गुणाचा फरक मी सोडून देते. दोन गुणांचा फरक सलग तीन आठवडे टिकला, तरच फरक पडला असं म्हणते. आणि आधीच्या दोन आठवड्यांतही आकडा उतरत असेल, तर तो उतार कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

बहिणीला मी मोठ्या अभ्यासांचे आकडेही सांगितले, फार आशा लावून बसू नये म्हणून. फ्रान्समध्ये लाँग कोविडच्या ९१० रुग्णांची पाहणी झाली. त्यात १२० दिवसांनी लस घेतलेल्यांपैकी १६.६ टक्के लोकांची लक्षणं पूर्ण गेली होती, न घेतलेल्यांपैकी ७.५ टक्के लोकांची. प्रमाण दुपटीहून जास्त आहे, पण लस घेतलेल्या शंभरातल्या त्र्याऐंशी जणांना काही ना काही त्रास उरलाच होता. ब्रिटनमध्ये २८ हजारांवर लोकांच्या पाहणीत पहिल्या डोसनंतर लाँग कोविड असण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी घटलेली दिसली, दुसऱ्या डोसनंतर आणखी ९ टक्क्यांच्या आसपास. हे दोन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. त्यामुळे लस घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असू शकतात.

काल तिने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. थकवा सात, डोकं जड पाच, झोप सहा. शेवटच्या रकान्यात लिहिलंय: "कपडे धुतले, वाळत घातले नाहीत."