एक-दोन एकरांसाठी जुना ट्रॅक्टर घेताना : उन्हाळी मशागतीपूर्वीचा सल्ला

रब्बीची काढणी उरकली, की पाडव्यापासून मृगापर्यंतचे दिवस जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचे असतात. ऊस गाळपाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपत आला, की वाहतुकीवरचे ट्रॅक्टर मोकळे होतात आणि त्यांतले काही विक्रीला निघतात. दुसरीकडे खरिपाच्या मशागतीसाठी ट्रॅक्टर शोधणारेही याच सुमारास बाहेर पडतात. वडिलोपार्जित एक-दोन एकर रान राखून असलेल्या आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून त्यात आवडीने फळझाडे, भाजीपाला किंवा घरापुरते धान्य करणाऱ्यांसाठी हा सल्ला लिहिला आहे.

निव्वळ खर्च पाहिला, तर एवढ्या क्षेत्राला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, हे आधीच मान्य करावे. नांगरट आणि रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) भाड्याने करून घेणे स्वस्तच पडते. तरीही लहान रानाच्या मालकाची एक खरी अडचण असते, ती वाफशाची, म्हणजे मशागतीला योग्य अशा ओलीची. पाऊस उघडून रान वाफशावर आले, की गावातला भाड्याचा ट्रॅक्टर आधी दहा एकरवाल्याकडे जातो, आणि आपल्या अर्ध्या दिवसाच्या कामाला तो येईपर्यंत काळ्या रानात एक तर ढेकळे पडलेली असतात किंवा पुढचा पाऊस झालेला असतो. ज्यांना फक्त शनिवार-रविवारच शेतावर जाता येते, त्यांच्यासाठी दाराशी उभा असलेला ट्रॅक्टर या एका कारणासाठी योग्य ठरतो, असे माझे मत आहे. हे कारण लागू नसेल आणि सगळे काम बागेतल्या कोळपणीपुरते किंवा कोकणातल्या छोट्या खाचरांपुरते असेल, तर पॉवर टिलरचा (मागून चालत हाताने धरायच्या छोट्या मशागत यंत्राचा) विचार आधी करावा.

आकार ठरवताना अवजारापासून सुरुवात करावी. चार फुटी रोटाव्हेटर, पाच किंवा सात फणांचा कल्टिव्हेटर आणि लहान ट्रॉली एवढेच चालवायचे असेल, तर 20 ते 30 अश्वशक्ती पुरते. खोल नांगरट करून भारी काळी जमीन पलटी घालायची असेल, तरच 35 ते 40 अश्वशक्तीकडे जावे. झाडांच्या ओळींत फिरायचे असेल, तर ट्रॅक्टरची रुंदी आणि वळणाची जागा टेपने मोजल्याशिवाय सौदा करू नये. 15 अश्वशक्तीचा महिंद्राचा युवराज किंवा चारही चाकांना ताकद देणारा मित्सुबिशी शक्ती यांसारखे लहान ट्रॅक्टर बागेत सोयीचे पडतात, मात्र त्यांच्याकडून भारी जमिनीत खोल नांगरटीची अपेक्षा ठेवू नये.

जुन्यांपैकी कोणता घ्यावा, याचे उत्तर आपल्या तालुक्याच्या गावी कोणत्या ट्रॅक्टरचे सुटे भाग टांगलेले दिसतात, यावर अवलंबून आहे. महिंद्राचे 265 आणि 275, मॅसी फर्ग्युसनचा 1035, स्वराजचे 724 आणि 735 यांचे फिल्टर, क्लच प्लेट, लायनर-पिस्टन किट (इंजिनाच्या सिलिंडरमधले झिजणारे भाग) बहुतेक ठिकाणी सहज मिळतात आणि गावच्या मिस्त्रीचा त्यांवर हात बसलेला असतो. आयशरचा एका सिलिंडरचा, हवेने थंड होणारा ट्रॅक्टर साधा आहे. त्यात रेडिएटर आणि पाण्याचा पंप नसल्यामुळे बिघडणाऱ्या गोष्टी कमी होतात, पण त्याच्या कूलिंग फिन्समध्ये (इंजिनाभोवतीच्या थंडावा देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) भुसा व धूळ साचू देऊन चालत नाही. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय 2005 मध्ये टॅफे या कंपनीकडे आणि स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स कंपनी 2007 मध्ये महिंद्राकडे गेली, तरी दोन्ही नावे चालू राहिली आहेत. एचएमटीचे गणित वेगळे आहे. झेटर या परदेशी कंपनीच्या तंत्रावर हरियाणातल्या पिंजोरला बनलेला 2511 किंवा 3511 हा दणकट ट्रॅक्टर असला, तरी तिथला ट्रॅक्टर कारखाना 2016 मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे जवळपास त्याचे भाग ठेवणारा दुकानदार आणि जाणता मिस्त्री असेल, तरच त्याच्या वाटेला जावे.

पाहणीला जाताना आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्यावा आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे, की आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नये. गेल्यावर इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी, कारण गरम इंजिन बऱ्याच खोडी लपवते. थंड इंजिन पहिल्या एक-दोन सेल्फमध्ये उचलले पाहिजे. सुरू होताना थोडा धूर निघणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळते आहे, आणि भार नसताना काळा धूर येत असेल, तर एअर क्लीनर तुंबला आहे किंवा डिझेलचे पंप-नोझल मिस्त्रीला दाखवावे लागतील. पांढरा धूर थांबतच नसेल, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी असण्याची किंवा पाणी सिलिंडरमध्ये उतरण्याची शंका घ्यावी. ऑइलची पट्टी काढून पाहावी. तिच्यावर दुधाळ थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे आणि सौदा तिथेच थांबवणे शहाणपणाचे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे, आणि तिथून जोरात फुसफुसत धूर बाहेर येत असेल, तर लायनर-पिस्टनचा खर्च समोर उभा आहे, असे धरावे.

इंजिनाचे काम खर्चिक असले, तरी गावोगाव होते. हायड्रोलिक (तेलाच्या दाबावर अवजार उचलणारी यंत्रणा) आणि गिअरबॉक्स उघडण्याची वेळ आली, की मात्र ट्रॅक्टर बराच खोलावा लागतो, म्हणून माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. कल्टिव्हेटर किंवा नांगर जोडून लिफ्ट पूर्ण वर घ्यावी, इंजिन बंद करावे आणि दहा-पंधरा मिनिटे दुसऱ्या गोष्टी पाहाव्यात. तोपर्यंत अवजार जमिनीला टेकले असेल, तर हायड्रोलिक गळते आहे. तेल गार असताना लिफ्ट चांगली उचलते आणि तासभर काम झाल्यावर सुस्तावते, अशी खोडही असते, म्हणून शक्य असल्यास शेतात प्रत्यक्ष काम करून झाल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी. प्रत्येक गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवावा आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअर आपोआप निसटतो का, ते पाहावे. पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता दांडा) जोडून रोटाव्हेटर फिरवून पाहावा. जुन्या ट्रॅक्टरांत सिंगल क्लच असला, तर क्लच दाबताच चाकांबरोबर पीटीओही थांबतो. रोटाव्हेटर न थांबवता नुसता ट्रॅक्टर थांबवता येत नाही, आणि दाट गवतात हे फार जाणवते. रोटाव्हेटर हेच मुख्य काम असेल, तर ड्युअल क्लचचा, म्हणजे चाके थांबली तरी पीटीओ फिरता ठेवणारा ट्रॅक्टर शोधावा.

ऊस वाहतुकीत वापरलेला ट्रॅक्टर नवा रंग मारून आणला, तरी ओळखता येतो. मागच्या हुकाचे भोक लांबट झालेले असते, पिन झिजून मध्ये बारीक झालेली असते, आणि मागच्या टायरची नक्षी डांबरावर धावून मधोमध गुळगुळीत होऊन कडांना शिल्लक असते. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक आणि मागचा ॲक्सल पार थकलेला असतो. असा ट्रॅक्टर स्वस्त मिळाला, तरी हौसेच्या शेतीसाठी घेऊ नये. तास दाखवणारे मीटर बंद असेल, तर क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरील झीज पाहावी. पेडल चकचकीत घासलेले आणि विकणारा म्हणतो ट्रॅक्टर कमी चालला, हे जुळत नाही. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे, किंगपिन-बुश (चाक वळवणाऱ्या सांध्याचे भाग) सैल असतील, तर ते लगेच कळते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. 2319 म्हणजे 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर असूनही उन्हाने भेगाळलेला जुना टायर दगडाळ रानात फुटू शकतो, त्यामुळे नव्या टायरची किंमत सौद्यात वजा करून घ्यावी.

कागदपत्रांत घाई करू नये. आरसी पुस्तकातील इंजिन आणि चेसिस क्रमांक ट्रॅक्टरवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः पडताळावेत. बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर बँकेचा दाखला आणि बोजा उतरवण्यासाठीचा नमुना 35 घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 लागतात, परराज्यातून आणलेल्या ट्रॅक्टरला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, आणि 15 वर्षांची नोंदणी संपली असल्यास तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. गावात 'पुस्तक नंतर देतो' म्हणून होणारे व्यवहार टाळावेत. ट्रॅक्टर आपल्या नावावर नसताना अपघात झाला, तर विम्याचा प्रश्न अवघड होतो.

जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा उलटण्यापासून चालकाला वाचवणारी चौकट नसते, आणि नवख्या चालकासाठी हाच सर्वांत मोठा धोका आहे. ओढण्याची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढपट्टीलाच) लावावी. ती ॲक्सलला किंवा टॉप लिंकच्या (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी बांधली आणि ओंडका अडकला, तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर क्षणात चालकावर मागे पालथा होतो. मुळशी-मावळासारख्या उताराच्या रानात आडवे चालणे टाळावे, रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडूनच चालवावे आणि मडगार्डवर मुलांना कधीही बसवू नये. बसवून मिळत असल्यास चौकट आणि सीट बेल्ट दोन्ही बसवून घ्यावेत. बेल्टशिवाय चौकटीचा उपयोग अर्धाच राहतो.

ट्रॅक्टर घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स व हायड्रोलिकचे ऑइल, डिझेलचे फिल्टर आणि एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइल बदलून तारीख वहीत लिहून ठेवावी. पहिले काम हलके, कल्टिव्हेटरचे द्यावे. त्यात जे गळेल किंवा वाजेल, ते मेच्या मध्यापर्यंत दुरुस्त करून घ्यावे, कारण जूनच्या तोंडावर मिस्त्री मिळत नाही.