नाल्याच्या कड्यावरचे थर कसे वाचावेत

थर बघायला डोंगर चढावा लागत नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावात उन्हाळ्यात कोरडा पडलेला नाला, नुकतंच खोदलेलं शेततळं किंवा बंद पडलेली मुरमाची खदान असतेच. जुन्या विहिरीत मात्र उतरू नका, तळाशी हवा कोंडलेली असते. डोक्यापेक्षा उंच कड्याखाली बसायचं नाही. काळी माती कोसळायच्या आधी इशारा देत नाही.

सोबत खुरपं, टेप, पाण्याची बाटली आणि चौकटीची वही घ्या. मोबाइल असतोच.

आधी कडा साफ करा. उन्हापावसाने कड्यावर एक पापडी धरलेली असते, खरा रंग तिच्या आत. हातभर रुंदीची पट्टी वरून खाली खरवडत या, म्हणजे वरची माती साफ केलेल्या भागावर सांडणार नाही. मग पाणी शिंपडा. कोरडेपणी एकसारखी दिसणारी माती ओली झाली की वेगवेगळे रंग दाखवते. टेप वरून सरळ खाली सोडा आणि तसाच राहू द्या.

मग सीमा शोधा. नवखा माणूस थराकडे बघतो. बघायची असते दोन थरांमधली रेघ. ती सुरीने कापल्यासारखी स्पष्ट आहे की एकातून दुसरं हळूहळू उगवतंय, हे प्रत्येक ठिकाणी लिहा. सोबत खोली, ओला रंग, खडे, चुनखडीचे गोटे. चिमूटभर ओली माती बोटांत वळून बघा: काळीची बारीक वळी होते, मुरूम भुगा होऊन गळतो.

पश्चिम विदर्भात इथेच बहुतेकांची फसगत होते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. म्हणजे तीन वेळा तीन थर साचले, असं वाटतं. पण माळरानावर ही रेघ पुसट असते, कारण एकच दगड वरून खाली झिजत, कुजत गेलेला असतो. पूर्णा-वर्ध्याच्या काठी गोष्ट वेगळी. तिथला गाळ नदीने खरोखर आणून टाकलेला आहे आणि त्यात वाळूचे, गोट्यांचे पट्टे स्पष्ट दिसतात.

खदानीत खोलवर दगड उघडा पडला असेल तर लाल पट्टा शोधा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा एकदाच नाही, पुन्हापुन्हा वाहिला. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खालच्या दगडावर माती तयार झाली, ती अनेक ठिकाणी अशी लाल दिसते. भोकाभोकांचा मांजऱ्या दगड बहुधा प्रवाहाच्या वरच्या अंगाला असतो, कारण वायूचे बुडबुडे वर चढतात. कधी दोन प्रवाहांमध्ये तळंही साचलं. नागपूरजवळ टाकळीला मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना १९व्या शतकात अशाच गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले होते.

आता क्रम लावा. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. हा नियम डेन्मार्कचे शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडला. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं लाव्हाच्या खाली असलेल्या गाळाच्या थरात मिळाली, म्हणजे ती त्या थरावरच्या लाव्हाच्या आधीची. वय मोजलं नाही तरी एवढं कळतं.

माणसाच्या वस्तीत हा नियम लावताना जपून. गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाला पावसाने किंवा रस्त्याने काप पडला असेल तर तिथे राख, खापरं, विटांचे तुकडे, शेणामातीच्या जमिनी एकावर एक दिसतात. त्यांना आरपार कापत खाली गेलेलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डाही दिसू शकतो. समजा, पेवाच्या तळाशी सहा फुटांवर एक मणी आहे आणि शेजारच्या थरात तेवढ्याच खोलीवर एक खापर. दोघांचं वय एकच असं धरू नका. पेव ज्या जमिनीवरून खोदलं ती वरून दोन फुटांवर असेल, तर मणी तिथे पडला तो त्या जमिनीच्या काळात किंवा त्यानंतर. निव्वळ खोली बघून तो शेजारच्या खापराच्या वयाचा ठरत नाही. म्हणून पेवाची कड कुठून सुरू होते ते आधी शोधा, मधल्या वस्तू नंतर.

काळ्या मातीत आणखी एक भानगड आहे. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचं खाली पडतं. चार फुटांवर गुटख्याची पुडी सापडली तर थर कालचा ठरत नाही. जवळ भेगेची किंवा उंदराच्या बिळाची मऊ माती दिसते का ते बघा. अशी घुसखोरी वगळून थरात जी सर्वांत नवी वस्तू उरेल, तिच्याआधी तो थर बंद झालेला नसतो.

वहीत आकडे टाकताना थर १ सर्वांत वर धरा, उत्खननात तशीच पद्धत आहे. वस्तीचे कालखंड मात्र उलटे, तळापासून मोजतात: नागपूर जिल्ह्यातल्या अडमला मध्याश्मयुग पहिला आणि सातवाहन काळ त्याच्या कितीतरी वर.

टेकाडावर स्वतः खणू नका. संरक्षित स्थळी तो गुन्हा आहे, आणि इतरत्रही थरातून उपटलेलं खापर मुकं होतं. ते आहे तिथेच राहू द्या, शेजारी पट्टी धरून फोटो काढा, जागा आणि वरून खोली लिहा, आणि तहसीलला किंवा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवा. पाऊस लागायच्या आत कळवलं तर बरं, कारण उघडा पडलेला काप एका पावसाळ्यात ढासळतो.