आगीच्या ठिकाणी निरोप नीट पोचावा म्हणून

“तिसऱ्या मजल्यावर पाणी मारू नका” असा आदेश वॉकीटॉकीवर देताना अधिकाऱ्याचे बोट बटणावरून क्षणभर आधी सुटले, तर आतल्या जवानाच्या कानावर “तिसऱ्या मजल्यावर पाणी मारू” एवढेच पडते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि घाईत बोलणाऱ्याचे वाक्य नेमके शेवटीच तुटते. म्हणून माझ्या मते मराठीतून आदेश देणाऱ्या प्रत्येकाने पहिली सवय लावून घ्यावी ती ही, की नकार टाळून जे करायचे आहे तेच सांगावे आणि क्रियापद वाक्याच्या आरंभीही आणावे: “थांबवा. तिसऱ्या मजल्यावरचे पाणी थांबवा.” बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलावे, कारण लगेच बोलल्यास पहिला शब्दही गिळला जातो, आणि बोलणे संपल्यावरच बोट उचलावे.

आपल्या रोजच्या बोलण्यातले काही शब्द आगीच्या ठिकाणी घातक ठरू शकतात. “दुसरा मजला खाली आहे” याचा अर्थ मजला रिकामा झाला असाही होतो आणि तो आपल्या पायाखाली आहे असाही होतो. तेव्हा “रिकामा” म्हणावे. “माळा” म्हणजे मुंबईत मजला, पण गाळ्यात किंवा जुन्या घरात तोच शब्द पोटमाळ्यासाठी वापरतात, आणि माणूस नेमका कुठे अडकला आहे हे त्या एका शब्दावर ठरते. पंपाच्या आवाजात “बंब” आणि “बंद”, “आत” आणि “आता”, “सात” आणि “साठ” यांतला फरक कळत नाही. आकडे तर सुटे सुटेच सांगावेत: “एकोणसाठ”मधला “एकोण” हरवला की साठ उरतात, म्हणून “पाच नऊ” म्हणावे.

निरोपाची घडण साधी असावी. ज्याला बोलवायचे त्याचे नाव आधी, आपले नंतर, मग त्याने “बोला” म्हणेपर्यंत थांबणे, मग एका वेळी एकच गोष्ट सांगणे. ऐकणाऱ्याने आदेशाचा गाभा परत म्हणून दाखवला पाहिजे (“कमांड” म्हणजे आगीच्या ठिकाणी सूत्रे हाती असलेला अधिकारी):

“पथक दोन, पथक दोन, कमांडकडून.”
“पथक दोन, बोला.”
“पाचव्या मजल्यावर जा, जिन्यालगतच्या खोल्या शोधा.”
“पाचवा मजला, जिन्यालगतच्या खोल्या शोधतो.”
“बरोबर.”

नुसते “हो साहेब” हे उत्तर मी उत्तर मानत नाही. त्यातून आवाज पोचला एवढेच कळते; पाचवा मजला पोचला की पहिला, हे कळत नाही. अधिकाऱ्याचा मान राखायचाच असेल तर “साहेब” जरूर म्हणावे, पण आकडा आणि जागा त्याच्यासोबत परत यायलाच हवी.

वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर, प्रथम पोचणाऱ्या अधिकाऱ्याने गाडीतून उतरताच नियंत्रण कक्षाला जो पहिला अहवाल द्यायचा, त्यावर पुढचे सगळे मनुष्यबळ अवलंबून असते. इमारत किती मजली आणि कशाची, आग कोणत्या मजल्यावर आणि काय जळते आहे, माणसे अडकल्याची खबर आहे का, आपण काय सुरू केले आहे, आणखी काय हवे आणि कमांड कोणाकडे आहे, इतके त्यात असावे. मुंबईत आगीची तीव्रता “लेव्हल”च्या आकड्यांत सांगतात. तो आकडा वाढवायचा असेल तर ओशाळून थांबू नये. मजले मोजताना मात्र फार जपावे. आपल्याकडे तळमजल्यावरचा तो पहिला मजला. त्यात वाहनतळाचे मजले मिसळले आणि काही इमारतींत तेरावा क्रमांकच वगळलेला असला, तर रस्त्यावरून मोजणाऱ्याचा आणि लिफ्टमधल्या पाटीचा आकडा जुळत नाही. कोणते मोजमाप धरायचे हे कमांडने सुरुवातीलाच जाहीर करावे. “डावीकडे” हा शब्दही समोर उभ्या असलेल्याला आणि मागून आत शिरलेल्याला निराळा असतो, म्हणून रस्त्याकडची बाजू “अ” धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ब, क, ड अशी नावे द्यावीत.

यंत्र चालू आहे असे गृहीत धरण्याची किंमत न्यूयॉर्कने ११ सप्टेंबर २००१ रोजी मोजली. १९९३च्या बाँबस्फोटानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अग्निशमन दलाच्या वायरलेसचे संदेश उंच मजल्यांपर्यंत पोचवणारी यंत्रणा बसवली होती. त्या सकाळी ती सुरू करणारे एक बटण दाबले गेले, पण मुख्य हँडसेट चालू करणारे दुसरे बटण दाबलेच गेले नाही. चाचणीत आवाज येईना, म्हणून यंत्रणा बंद पडली आहे असे उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी मानले. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. बाहेर पडण्याचे आदेश सुटले, पण ते सर्वांपर्यंत पोचले नाहीत, आणि ज्यांच्यापर्यंत पोचले त्यांना शेजारचा मनोरा कोसळल्याचे सांगितले गेले नव्हते, त्यामुळे घाई किती करायची हे अनेकांना उमगले नाही. उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी पडला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. यातून दोन कामे निघतात: आत शिरण्यापूर्वी प्रत्येक वॉकीटॉकीवर जाणारा आणि येणारा असे दोन्ही आवाज तपासावेत; आणि बाहेर बोलावताना कारण सांगावे. “बाहेर या” यापेक्षा “छत खचते आहे, सगळे बाहेर या” यात चार शब्द जास्तीचे आहेत, पण पाय हलतात ते त्या शब्दांनी.

श्वसनसंचाचा मुखवटा घातल्यावर आवाज घोगरा होतो. अशा वेळी ओरडू नये, ओरडण्याने शब्द आणखी फाटतात. माइक मुखवट्यावरच्या आवाजाच्या पडद्याजवळ थोडा बाजूला धरून सावकाश बोलावे. आत जाणाऱ्याचे नाव, जाण्याची वेळ आणि सिलिंडरचा दाब दाराशी फळ्यावर लिहिणारा माणूस दुसऱ्या कामाला लावू नये. आतल्याने दाब स्वतःहून कळवत राहावे: “पथक एक, दाब एक आठ शून्य, चौथा मजला, शोध चालू.” हवा कमी झाल्याची संचाची शिट्टी वाजेपर्यंत वाट पाहिली तर परतीच्या वाटेसाठी हवा अपुरी पडू शकते.

जवान स्वतः संकटात सापडला तर लाजू नये, उशीर करू नये. “मेडे, मेडे, मेडे” म्हणून कोण, कुठे, काय झाले आणि हवा किती उरली हे सांगावे. हे ऐकताच बाकी सर्वांनी बटणावरचे बोट उचलून वाहिनी मोकळी करावी आणि कमांडनेच उत्तर द्यावे. माघारीसाठी वायरलेसखेरीज दुसरी खूण, म्हणजे शिट्टी किंवा गाडीचा भोंगा, कामाला लागण्यापूर्वी ठरलेली असावी. तळघरात आणि जाड काँक्रीटमध्ये लहरी पोचत नाहीत, तिथे जिन्यावर निरोप पोचवणारा जवानच उभा करावा.

बाहेरच्या यंत्रणांचे निरोपही तितकेच जपावेत. “लाइट बंद आहे म्हणतात” हा निरोप घेऊच नये. वीज कंपनीच्या कोणत्या कर्मचाऱ्याने, कोणत्या जागी, किती वाजता पुरवठा तोडला ते विचारून नोंदवावे, गॅसच्या वाहिनीबद्दलही तसेच, आणि मगच ते आतल्या पथकांना सांगावे.

वरिष्ठ अधिकारी आल्यावर कमांड सोपवताना तोंडासमोर उभे राहून आत कोण, कुठे, किती वेळ आहेत हे फळ्यावरून वाचून दाखवावे आणि कमांड बदलल्याचे वायरलेसवर जाहीर करावे. पथक बाहेर आले की “सगळे आले” यावर न थांबता नावे पुकारावीत, ज्याचे नाव त्यानेच ओ द्यावी, आणि ओ मिळाल्यावरच फळ्यावरचे नाव पुसावे.