ब्रिस्बेनला राहताय? पावसाळ्याआधी हे करून ठेवा
ब्रिस्बेनमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचे दिवस. २०११ आणि २०२२ चे पूर इथले लोक विसरलेले नाहीत. भाड्याचं घर घेण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून त्या जागेचा पूर-अहवाल बघा, मोफत मिळतो. पाणी दारातूनच येतं असं नाही. बाथरूमच्या जाळीतून, कमोडमधून गटाराचं पाणी उलटं वर येतं. तिथेही वाळूच्या पिशव्या दाबून ठेवा. पासपोर्ट, मुलांची औषधं झिपच्या पिशवीत घालून सॅक दाराशीच असू द्या. आईबाबा भारतातून आलेले असतील तर एसईएसचा (पूर-वादळात मदतीला येणारी राज्याची आपत्कालीन सेवा) नंबर १३२ ५०० आणि जिवावर बेतलं तर ०००, हे मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. घाबरल्यावर आकडे आठवत नाहीत हो!