सारख्याच दिसणाऱ्या दोन जुन्या फायबरच्या मासेमारी बोटींपैकी एक कशी निवडावी

लांबी सारखी, बांधणीचे वर्ष जवळपास एकच, इंजिनाची ताकद तेवढीच आणि किमतीत एकोणीस-वीसचा फरक, अशा दोन बोटी समोर आल्या की माणूस नकळत रंग, गाद्या आणि फिशफाइंडरचा (मासे कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्राचा) पडदा पाहून कौल देतो. खरे तर एवढ्याच गोष्टी पुढे सहज बदलता येतात. इंजिन बदलणे खर्चाचे असले तरी शक्य असते. आतून सडलेला सांगाडा दुरुस्त करायचा तर बोट कापावी लागते. म्हणून तपासणी आधी सांगाड्याची, मग इंजिनाची आणि शेवटी उरलेल्या सामानाची करावी. दोन्ही बोटी शक्यतो एकाच दिवशी, जमिनीवर, कोरड्या अवस्थेत पाहाव्यात. एकाच बनावटीच्या दोन बोटी हाताशी असण्याचा मोठा फायदा असा, की एक बोट दुसरीचे मोजमाप ठरते.

सुरुवात ट्रान्समपासून, म्हणजे इंजिन ज्यावर टांगलेले असते त्या मागच्या आडव्या भिंतीपासून करावी. फायबर स्वतः सडत नाही, पण अनेक जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये, फळीमध्ये (पाय ठेवायच्या पृष्ठभागामध्ये) आणि तळाला आतून आधार देणाऱ्या स्ट्रिंगरमध्ये प्लायवुड किंवा लाकूड असते. शिडी, सेन्सर किंवा पंप बसवताना पाडलेली भोके नीट बुजवली नसतील, तर पाणी त्यांतून वर्षानुवर्षे आत झिरपत राहते. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा जाड नाण्याने वीतभर अंतरावर ठोकत जावे. भरीव जागी आवाज टणटणीत येतो, तर ओल्या किंवा सुटलेल्या जागी तो बद्द येतो. मात्र जाडी बदलली किंवा मागे लोखंडी पट्टी असली तरीही आवाज बदलतो, त्यामुळे एकट्या बोटीवर नवख्या माणसाचा कान हमखास फसतो. तीच जागा लगेच दुसऱ्या बोटीवर ठोकून पाहिली की फरक स्पष्ट कळतो. एकदा मला दोन्ही ट्रान्सम बाहेरून निर्दोष वाटले होते. पण चकचकीत बोटीच्या शिडीचा खालचा स्क्रू मालकाच्या परवानगीने सैल केला, तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळले. ती बोट मी तिथेच सोडली.

त्यानंतर इंजिन अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला हाताने वर-खाली जोर द्यावा आणि सोबत्याला ट्रान्समच्या कोपऱ्यांवर नजर ठेवायला सांगावे. भिंत हलताना दिसली किंवा कोपऱ्यात चीर उघडली, तर किंमत कितीही कमी होत असली तरी पुढे जाऊ नये, कारण आतली सड किती पसरली आहे हे उघडल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. फळीवर अनवाणी चालून टाचेने दाब द्यावा. झाकणांच्या कडा आणि खुर्चीखालची जागा प्रथम मऊ पडते.

तडे पाहून लगेच घाबरू नये. जेलकोट हा वरचा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि दोर बांधायच्या खुंट्यांभोवती त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा बऱ्याचदा येतात. तळावर आतल्या स्ट्रिंगरच्या रेषेत लांबलचक तडे असतील, तर मात्र तिथे तळ वाकतो आहे असे समजावे. पाण्याखालच्या भागावर थोडेफार फोड असणे हे किंमत पाडून घेण्याचे कारण आहे, बोट नाकारण्याचे नव्हे.

वजनाकडे सहसा कोणी पाहत नाही. फळीखालच्या फोममध्ये पाणी मुरले असेल तर ते बाहेरून दिसत नाही, पण शंभर लिटर समुद्राचे पाणी म्हणजे सुमारे 102 किलो ओझे होते. ट्रेलरसह दोन्ही बोटी वजनकाट्यावर नेऊन ट्रेलर, इंधन आणि सामान यांचे वजन वजा करावे. उरलेल्या फरकाचे कारण मालकाला देता आले पाहिजे.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्याआधीच ते गरम केलेले आढळले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, एकाच गेजने दोन्ही इंजिनांवर मोजावे. एकाच इंजिनाच्या सिलिंडरांमधील फरक साधारण 10 टक्क्यांच्या आत असावा. गिअर ऑइलचे चार थेंब काढून पाहावेत. ते दुधाळ दिसले, तर सीलमधून पाणी आत गेले आहे. इंजिन कमी तास चालले आहे या गोष्टीचे फार कौतुक करू नये. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनात इंधनाचा चिकटा साचतो आणि पाण्याच्या पंपाचे रबर कडक होते. नियमित चाललेले आणि नोंदी ठेवलेले इंजिन मला अधिक विश्वासाचे वाटते. वायरींच्या टोकांवरील हिरवा गंज आणि टाकीभोवतीचा पेट्रोलचा वास एवढे तपासले की बाकी सामानाकडे ओझरते पाहिले तरी चालते.

पाण्यावरच्या चाचणीत दोन्ही बोटींत माणसे आणि इंधन सारखेच असावे. पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचले नाहीत, तर बोट ढकलणारा पाण्यातला पंखा चुकीचा आहे, इंजिन थकले आहे किंवा बोट आतून जड झाली आहे. मग इंजिन बंद करून सर्वांनी एका बाजूला उभे राहून बोट किती कलते ते पाहावे, कारण मासेमारीचा बराच वेळ बोट थांबलेलीच असते. खोल ‘व्ही’ आकाराचा तळ लाटा मऊ कापतो, पण थांबल्यावर जास्त डुलतो. बोटींच्या तळांत असा फरक असेल, तर आपण कुठे आणि कशी मासेमारी करतो त्यानुसार ठरवावे. परतल्यावर तळाशी पाणी साचले आहे का, हे पाहावे.

बोटीवर कोरलेला क्रमांक नोंदणीच्या कागदाशी जुळवावा आणि तिच्यावर कर्ज शिल्लक नाही याची लेखी खात्री घ्यावी. निवड झाल्यावर त्या एकाच बोटीसाठी स्वतंत्र सर्वेक्षक बोलवावा आणि अहवाल समाधानकारक नसल्यास रक्कम परत मिळेल, ही अट लिहून घेऊनच विसार द्यावा.